जुन्या कॅम्परचा तळ दर पावसाळ्यानंतर सडतोय? वेल्डिंगच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधा

ज्यांनी जुनी गाडी घेऊन तिचा कॅम्पर करून घेतलाय आणि दर दिवाळीला खाली वाकून बघितलं की पत्र्याला नवीन भोक सापडतं, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय. आमची गाडी २००९ ची टेम्पो ट्रॅव्हलर. २०१७ ला सेकंडहँड घेतली, सीटा काढल्या, मागे बेड, डाव्या अंगाला ओटा आणि सिंक, मागच्या चाकाच्या वर छोटं बाथरूम असं सगळं एका वर्कशॉपमधून करून घेतलं. राहायला दापोलीत, म्हणजे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा. बाथरूमच्या दाराखालचा एकच भाग तीन वेळा दुरुस्त केला, २०१९, २०२१ आणि २०२३. पहिल्या दोन वेळचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले, तिसऱ्या वेळचं काम अजून घट्ट आहे, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला ते सांगतो.

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय ठेवला की जमीन किंचित दबते, आधी वाटतं विनाइल सैल झालं असेल. मग गाडी दोन दिवस बंद राहिली की उघडल्या उघडल्या कुबट वास येतो. बाजूचं दार लावताना थोडं उचलून लावावं लागतं. आणि खाली बघितलं तर काळं कोटिंग एकदम छान, गुळगुळीत, कुठे डाग नाही. इथेच माणूस फसतो. मी पण तेच बघून निवांत राहिलो होतो आणि सहा महिन्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो, कारण नव्वद टक्के गॅरेजमध्ये अजूनही हेच करतात. गंजलेल्या पत्र्यावर नवीन पत्रा ठेवला, चार बाजूंनी आर्क वेल्डिंगचे टाके मारले, वरून ब्रशने डांबरी कोटिंग जाड थापलं. त्या दिवशी दिसायला नवीन गाडी. दुसऱ्या वेळी पॅच मोठा मारला आणि कोटिंगचे दोन हात दिले, एवढाच फरक. २०२३ च्या मार्चमध्ये तेच कोटिंग एका ठिकाणी फुगलेलं दिसलं म्हणून नखाने दाबलं तर फोड फुटावा तसं तपकिरी पाणी बोटावर आलं. मग पट्टी ओढली तर वीतभर कोटिंग सलग हातात आलं आणि त्याच्या आतल्या अंगाला गंजाचे थर चिकटलेले, खारी बिस्किटाचे पापुद्रे असतात ना, अगदी तसे एकावर एक. नवीन पत्रा बाहेरून शाबूत होता, पण जुना आणि नवीन याच्या मधली जागा पूर्ण गंजाने भरून गेली होती आणि तिने नवीन पत्रा बाहेर ढकलून टाके तोडले होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या फटीत तो तयार झाला की तो नुसता खात नाही, तर पाचर मारल्यासारखा दोन्ही पत्रे उचकटतो.

कोकणात हे इतकं भराभर का होतं, तर मिठामुळे. आपण हर्णै, गुहागर, मुरुड करत फिरतो, दाभोळ धोपावे किंवा वेसवी बागमांडला जेटीवरून गाडी बोटीत चढवतो, तिथला रॅम्प खाऱ्या पाण्याने कायम ओला, चाकं ते पाणी सरळ तळाला मारतात. मिठाचा गुणच असा की हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतूनच पाणी ओढून स्वतः ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे एकदा फटीत मीठ बसलं की वरून एक थेंब पडला नाही तरी ती जागा पावसाळाभर ओलीच राहते. आणि त्यावर कोटिंग थापलं तर ते मीठ आपण स्वतःच्या हाताने आत कोंडून ठेवतो. शिवाय जांभ्याची लाल माती, ती चाकाच्या वरच्या कमानीत आणि चासिसच्या चॅनेलच्या (गाडीचा भार पेलणाऱ्या लांब लोखंडी तुळईच्या) आतल्या काठावर लिंपल्यासारखी बसते आणि पाऊस थांबल्यावरही आठवडा आठवडा ओल धरून ठेवते. बाहेरून धुतलेली गाडी असली तरी तिथे बोट घालून बघा.

पण मीठ आणि माती ही अर्धीच गोष्ट आहे. आमच्या गाडीचं मूळ दुखणं वरून होतं, आणि कॅम्पर केलेल्या गाड्यांमध्ये ते वरूनच असतं असं आता माझं ठाम मत झालंय. हे मला दाखवलं ते एका जुन्या मिस्त्रींनी, होड्यांचं इंजिनचं काम करतात, वेल्डिंगसाठी त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी मशीनला हात पण लावला नाही. म्हणाले, "दादा, खालून काय बघताय, होडी पण आतूनच कुजते, आधी पाणी कुठनं येतंय ते सांगा मग पत्रा कापतो." मला तेव्हा राग आला होता, कारण दोन दिवसांत गाडी हवी होती.

त्यांनी सांगितलेली तपासणी अगदी साधी आहे आणि तिला दहा रुपयांची कपड्याची नीळ लागते. बाथरूमच्या तळाला असलेल्या शॉवरच्या ट्रेचं भोक बोळ्याने बंद केलं, दहा लिटर पाण्यात नीळ कालवून ट्रेमध्ये ओतली, गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली आणि बसलो. अर्धा तास काही नाही. मी म्हणालो ट्रे चांगला आहे, उठूया. चाळीसेक मिनिटांनी निळा थेंब पडला, पण बाथरूमच्या खाली नाही, तिथून दीड फूट पुढे, गाडीच्या बाजूच्या दाराच्या पायरीजवळच्या आडव्या पाइपच्या टोकातून! म्हणजे ट्रेच्या कोपऱ्यातल्या केसाएवढ्या चिरेतून पाणी प्लायमध्ये, प्लायमधून स्क्रूच्या भोकातून चौकोनी पाइपच्या आत, आणि पाइपातून वाहत जाऊन दाराशी. दोन वर्षं आम्ही दाराच्या रबराला दोष देत होतो, ते रबर दोनदा बदललं.

तर पहिलं काम हे. प्रत्येक पाण्याची जागा वेगवेगळी तपासा, एकाच दिवशी सगळं करू नका नाहीतर कुठलं पाणी कुठलं ते कळत नाही. एक दिवस शॉवरचा ट्रे, एक दिवस सिंक आणि त्याचा पाइप, एक दिवस टाकी पूर्ण भरून रात्रभर ठेवा, मग टपावरचा पंखा आणि सोलर पॅनेलचे ब्रॅकेट, तिथे नळी धरून एकेक जागा दहा दहा मिनिटं भिजवा, आधी खालची जागा मग वरची. एसीच्या पाण्याची नळी कुठे सोडलीय ते पण बघा, आमची नळी चासिसच्या चॅनेलवरच टपकत होती आणि तिथे रुपयाएवढा गंजाचा फोड होता. आणि चाकाच्या कमानीतून पाइप किंवा वायर वर घेतली असेल तर त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात घट्ट बसणारी रबरी कडी, आहे का बघा, नसेल तर प्रत्येक डबक्यात चाक तिथून आत पिचकारी मारतंय.

लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर ऑनलाइन मिळतं, ते घ्या, पण आपल्याकडे वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लाय साधारण २० टक्क्यांच्या वर ओला राहिला की बुरशी धरायला लागते असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण कोकणात ऑगस्टमध्ये घरातलं कोरडं लाकूड पण सतरा अठरा दाखवतं, त्यामुळे नुसत्या आकड्याला घाबरू नका. वरच्या कपाटातला प्लाय मोजा, तो आपला कोरडा आकडा धरा, आणि जमीन त्याच्याशी ताडून बघा. आमच्या वरच्या कपाटात १२ होतं एप्रिलमध्ये, आणि बाथरूमच्या दाराशी ३४.

आता काढायची पाळी. यात कंजुसी केली की पुन्हा तिसरी चौथी वेळ येते. दबणारा भाग हातभर असला तरी प्लाय चारी बाजूंनी कोरडा, कडक लाकूड लागेपर्यंत कापत जा. आम्ही दोन बाय तीन फुटांनी सुरुवात केली आणि शेवटी बाथरूम पूर्ण बाहेर काढावं लागलं. खालचा सांगाडा उघडा पडला की हातोडीने ठोकत जा, चांगल्या लोखंडाचा आवाज टणटणीत येतो, सडलेल्याचा बद्द. कानाला लगेच कळतं, मशीन लागत नाही. जिथे बद्द वाजलं तिथे टोकदार काहीतरी जोर देऊन टोचा, गेलं तर गेलं, ते वाचवायचा प्रयत्न करू नका.

आमच्याकडे कॅम्पर करणारे लोक जमिनीखाली एमएसचे (साध्या लोखंडाचे) चौकोनी पाइप आडवे वेल्ड करतात, त्यात वाईट काही नाही, पण त्यांची टोकं अर्धवट बंद असतात आणि खाली पाणी जायला एक भोक नसतं. असा पाइप म्हणजे आडवी ठेवलेली पाण्याची बाटली. आमचा एक पाइप कापला तर त्यातून पेलाभर पाणी आणि मूठभर लाल भुगा पडला, बाहेरून त्याचा रंग पण उडाला नव्हता. एका वेळी एकच पाइप कापा, तो बदला, मगच दुसरा. सगळे एकदम कापले तर बॉडी थोडी बसते आणि मग दारं जुळत नाहीत, हे नंतर सुधारणं फार अवघड. कापायच्या आधी दाराच्या फटी मोजून मार्करने तिथेच लिहून ठेवा आणि जमिनीचे दोन्ही कर्ण टेपने घ्या.

मुख्य चासिसच्या लांब चॅनेलबद्दल मात्र वेगळं सांगतो. हे सगळं मी लिहितोय ते वरच्या आडव्या सांगाड्याचं आणि पत्र्याचं. चॅनेलच गळाला असेल, विशेषतः कमान पाटे जिथे ब्रॅकेटला अडकतात त्या जागी, किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास, तर तिथे गल्लीतल्या वेल्डरकडून पट्टी मारून घेऊ नका. चॅनेलच्या वरच्या खालच्या काठाला आडवा टाका मारला की तिथूनच ती तडकायला सुरुवात होते, माणसं बसून घाटात जाणारी गाडी आहे ही. चासिसचं काम रोज करणारा माणूस शोधा, आणि तो नको म्हणाला तर ऐका. अजून एक, घासताना चासिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका. पंधरा वर्षांनी पासिंगला आरटीओत पेन्सिलने त्या नंबरचा छाप घेतात, तो पुसट झाला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. आम्ही तिथे नुसतं ग्रीस लावून वर टेप मारली होती.

वेल्डिंगच्या आधीची तयारी, यात हयगय नको. गॅस सिलिंडर गाडीतून बाहेर आणि लांब. बॅटरीच्या तारा काढल्या, घरातल्या वापराची दुसरी बॅटरी असेल तर तिच्याही, इन्व्हर्टरच्याही, हे सगळे करतात, पण टपावरचा सोलर विसरतात, तो दिवसा उजेडात करंट देतच असतो, त्याच्या तारा काढा किंवा वर जाड चादर टाका. वेल्डरची अर्थ क्लॅम्प काम चाललंय त्याच्या अगदी शेजारी लावा. जमिनीत किंवा भिंतीत फोम, थर्माकोल असेल तर वेल्डिंगच्या जागेपासून दोन्ही बाजूंना हातभर तरी काढून टाका, त्याचा धूर विषारी असतो आणि आत आग धुमसत राहिलेली दिसत नाही. एक माणूस आत पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन बसलेला पाहिजे, आमच्याकडे बायको बसली होती आणि तिनेच दोनदा ठिणगी विझवली. काम संपल्यावर पण तासभर गाडी सोडून जाऊ नका. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, चारही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि जमीन मऊ असेल तर खाली फळ्या.

पत्र्यासाठी १६ गेज वापरला, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. आर्कने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, सीओटू (गॅस आणि सलग तारेच्या वेल्डिंगच्या) मशीनवालाच बघा. पत्रा जुन्यावर चढवायचा नाही, जुना सडका कापून त्या मापाचा बसवायचा. टाका इंचभर मारायचा, मग समोरच्या बाजूला जायचं, परत इकडे, असं करत सगळी शिवण पूर्ण भरायची, एका दमात मारली तर पत्रा तापून लाटा येतात. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा लावणार असाल तर कडेचं जस्त आधी घासून काढा, ते जळून येणाऱ्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, मिस्त्रींना एकदा आला होता. नवीन पाइपांना खालच्या बाजूला दर फुटावर आठ मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं आणि टोकं उघडी ठेवली. आलेलं पाणी जायला वाट हवी, एवढं साधं आहे ते.

रंगाच्या आधी धुणं. वायर ब्रशने कितीही घासा, मीठ गंजाच्या खळग्यात राहतंच, म्हणून घासल्यावर गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा, पूर्ण वाळू द्या, परत घासा, परत धुवा. आम्ही तीनदा केलं. तिसऱ्यांदा वाळल्यावर रात्रभर ठेवून सकाळी बघितलं, नवीन केशरी ठिपके आले नाहीत तेव्हाच प्रायमर काढला. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी प्रायमर मारा, साधा रेड ऑक्साइड आपल्या हवेत पुरत नाही. दमट हवेत इपॉक्सी नीट धरत नाही, त्यामुळे हे काम एप्रिल मे मध्येच, आणि मृग लागायच्या आत आटपलं पाहिजे. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं रसायन) वापरायचा असेल तर त्यावर इपॉक्सी चालतो का ते डब्यावर वाचून घ्या, बऱ्याच वेळा चालत नाही. शिवणीवर सीम सीलर (सांधा बंद करणारी पेस्ट), त्यावर काळा चासिस पेंट. पाइपांच्या आत आणि दुमडलेल्या जागी पातळ कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागेत मारायचं मेण) लांब नळीने फवारा, ते कोरडं कडक होत नाही, त्यामुळे त्याखाली पाणी कोंडत नाही आणि ओरखडा पडला तरी थोडं सरकून भरून येतं. डांबरी कोटिंगच्या वाटेला मी परत गेलो नाही. ज्यांना लावायचंच आहे त्यांनी निदान स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावरच लावा.

जमिनीला मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, पण मरीन आहे म्हणून कापलेली कड उघडी ठेवू नका, पाणी कडेनेच चढतं. प्रत्येक कड आणि प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सी रेझिनने भरून वाळवलं, भोक पुन्हा पाडलं, मग स्क्रू. थोडं कंटाळवाणं आहे पण आमचा मूळ आजार याच भोकांतून आला होता. प्लाय सरळ लोखंडावर टेकवला नाही, मध्ये रबराच्या पट्ट्या दिल्या म्हणजे दोन्हींच्या मध्ये हवा खेळते. काचलोकर काढून टाकली, ती स्पंजसारखी पाणी धरते, त्याऐवजी एक्सपीएसची, म्हणजे पाणी न धरणाऱ्या कडक फोमची, शीट. आणि बाथरूमखाली फायबरचा एक उथळ ट्रे बनवून घेतला, त्याला पारदर्शक नळी लावून ती गाडीच्या खाली सोडली, वरचा शॉवरचा ट्रे पुन्हा कधी चिरला तर त्या नळीत पाणी दिसेल, प्लाय कुजायची वाट बघावी लागणार नाही.

काम सगळं मिळून एकोणीस दिवस चाललं, त्यातले चार नुसते वाळवण्यात गेले.

त्यानंतरची सवय एवढीच. जेटीवरून किंवा वाळूतून आलो की त्याच दिवशी घरच्या नळाने खालून गोडं पाणी, लॉनला पाणी घालायचा फवारा उलटा धरून गाडीखाली सरकवला तरी चालतो, चाकाच्या कमानीतली माती हाताने काढायची. पावसाळ्यात गाडी गवतावर उभी करायची नाही, ताडपत्री जमिनीपर्यंत ओढायची नाही, खालून वारा जायला पाहिजे. पाइपांची भोकं दर दिवाळीला तारेने टोचून मोकळी करायची.

२०२३ आणि २०२४ चे दोन्ही पावसाळे गेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विनाइल उचलून मोजलं, बाथरूमच्या दाराशी १५, वरच्या कपाटात १४. पारदर्शक नळी कोरडी होती. फक्त डाव्या मागच्या कमानीत एका शिवणीवर सीलर उचललेला दिसला, खाली पत्रा तेव्हाही चकचकीत होता, तेवढा भाग खरवडून, धुऊन पुढच्या मे मध्ये परत करायचं ठरवलं.